‘एरर आली तर?’ या प्रश्नापाशी थांबणारं पान : डब्ल्यूआरएफच्या कंपाईल-मार्गदर्शिकेबद्दल

समीक्षा पुस्तकाची होते, शोधनिबंधाची होते. सॉफ्टवेअर बसवायच्या सूचनांची कुणी करत नाही. सूचना काय, पाळायच्या आणि पुढे जायचं. पण तुम्ही संशोधनाला लागाल तेव्हा जे पहिलं लिखाण ओळ न् ओळ वाचाल ते बहुधा असलंच एखादं पान असेल. गाईडनी दिलेला शोधनिबंध आपण चाळतो. इन्स्टॉलेशनचं पान मात्र स्पेस आणि डॅशसकट वाचतो. म्हणून या वेळी विषय आहे ‘डब्ल्यूआरएफ कसं कंपाईल करायचं’ ही मार्गदर्शिका. अमेरिकेत बोल्डरला एनकार ही हवामानसंशोधन संस्था आहे, तिथल्या मंडळींनी ती तयार केली. जगभर वापरली जाते, आणि मराठवाड्यातल्या पावसावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातातही सगळ्यात आधी तीच पडते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : डब्ल्यूआरएफ म्हणजे वेदर रिसर्च अँड फोरकास्टिंग मॉडेल. एका प्रदेशाची चौकट घ्यायची, तिचे चौकोन पाडायचे, जागतिक मॉडेलकडून सुरुवातीची आणि कडांवरची हवा उसनी घ्यायची आणि समीकरणं काही सेकंदांच्या टप्प्यानं पुढे सोडवत न्यायची. फेब्रुवारी-मार्च २०१४च्या गारपिटीनं आपल्याकडची रब्बी झोडपली. २०१५च्या दुष्काळात कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी आपल्याच शहरात रडार बसलं, विमान चिकलठाण्याहून उडालं. अशा एखाद्या दिवशीचा ढग संगणकात पुन्हा उभा करून बघायचा असेल तर हे मॉडेल लागतं. पुण्याला आयआयटीएममध्ये २०१८ला ‘प्रत्युष’ आला, २०२४ला ‘अर्का’ आला. तिथे मॉडेल बसवून देणारी माणसं असतात. विभागातल्या उबुंटूच्या एका डेस्कटॉपसमोर बसलेल्या विद्यार्थ्याकडे तशी माणसं नसतात. त्याच्याकडे हे पान असतं.

आणि मॉडेल बसेना म्हणून विषय बदलून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. ‘कोडिंग आपल्याला जमत नाही’ असं ठरवून ते नुसत्या स्टेशन-डेटाच्या सरासऱ्यांकडे वळले. खरं तर त्यांना कोड लिहायचंच नव्हतं. दुसऱ्यानं लिहिलेलं कोड जोडायचं होतं, आणि ते काम वेगळं आहे.

ते वेगळं का, हे डब्ल्यूआरएफच्या पोटात डोकावलं की कळतं. गाभा फोर्ट्रानचा. पण बिल्डच्या सुरुवातीच्या टप्प्यातच तयार होतो तो ‘रजिस्ट्री’ नावाचा सी भाषेतला प्रोग्रॅम. तो व्हेरिएबलच्या याद्या वाचतो आणि त्यावरून फोर्ट्रानचे तुकडे स्वतः लिहून काढतो. प्रोसेसरांमधली देवाणघेवाण बघणारा आरएसएल-लाइट हा भागही सीमध्येच. कॉन्फिगरची यादी दाखवायला पर्ल. कंपाईलची स्क्रिप्ट सी-शेलमध्ये, जे उबुंटूत आपोआप येत नाही. त्यामुळे पहिलीच एरर ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी येते आणि मुलं फोर्ट्रानमध्ये दोष शोधत बसतात. शिवाय फोर्ट्रानच्या फाइलींवरून आधी सीचा प्रीप्रोसेसर फिरतो. आणि बाहेरून येणारी नेटसीडीएफ ही लायब्ररी : मूळ सीमध्ये, तिच्यावर फोर्ट्रानची खोळ. एका ‘कंपाईल’ या शब्दाखाली इतक्या भाषांची पंगत बसलेली असते. कुणाचं पान कुणापाशी अडलं हे ओळखता येणं, एवढंच खरं कौशल्य.

जे उत्तम आहे ते आधी

मार्गदर्शिकेतला सगळ्यात चांगला भाग म्हणजे सुरुवातीच्या टेस्ट. मॉडेलला हात लावण्याआधी ती तुम्हाला चिमुकले प्रोग्रॅम देते. पहिला जुन्या धाटणीच्या, कॉलम पाळणाऱ्या फोर्ट्रानचा. दुसरा नव्या धाटणीचा. तिसरा फक्त सीचा. चौथा असा, की फोर्ट्राननं सीमधलं फंक्शन बोलवायचं. पुढे सी-शेल, पर्ल आणि साध्या शेलच्या टेस्ट. नेटसीडीएफ आणि एमपीआय बसवून झाल्यावर पुन्हा दोन टेस्ट : फोर्ट्रान, सी, नेटसीडीएफ मिळून एक, त्यात एमपीआय घालून दुसरी.

या क्रमामागे मोठं शहाणपण आहे. अर्धा तास किंवा जास्त चालणाऱ्या बिल्डमध्ये जी जोडणी तुटणार आहे ती दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये आधी तोडून बघायची. हे ज्यानं रचलं त्याला त्रास कुठे होतो ते नेमकं माहीत होतं. लायब्रऱ्या आणि मॉडेल एकाच कंपाईलरनं बांधा, हा इशाराही तिथे आहे, आणि तो सोन्यासारखा आहे. फोर्ट्रानच्या मॉड्यूल फाइलींचं स्वरूप कुठल्याही प्रमाणात ठरलेलं नाही. प्रत्येक कंपाईलर आपापल्या पद्धतीनं ती लिहितो, आणि एकाच कंपाईलरच्या दोन आवृत्त्यांतही ती बदलू शकते. म्हणून ‘ही मॉड्यूल फाइल जीएनयू फोर्ट्रानच्या वेगळ्या आवृत्तीनं बनवली आहे, वाचता येत नाही’ अशा अर्थाची फेटल एरर येते. तिचं उत्तर पाथ बदलण्यात नाही, नेटसीडीएफ-फोर्ट्रान त्याच कंपाईलरनं पुन्हा बांधण्यात आहे.

जिथे पान गप्प होतं

चौथी टेस्ट पास झाली की पडद्यावर दोन किमती दिसतात, ‘एक्सएक्स २.००, आयआय १’, आणि मग ‘सक्सेस’. विद्यार्थी ‘सक्सेस’ वाचतो आणि पुढे जातो. किमती कशाला छापल्या? पान सांगत नाही. फोर्ट्रान आर्ग्युमेंट देताना त्याची किंमत पाठवत नाही, पत्ता पाठवतो. सी मात्र मूळ स्वभावानं किंमत घेतो. म्हणून सीच्या बाजूला पॉइंटर लावावा लागतो. तो लावला नसेल तरी कंपाईल होतं, लिंकही होतं. फक्त किंमत भलतीच येते. टेस्टचा जीव त्या दोन आकड्यांत आहे, ‘सक्सेस’ या शब्दात तितका नाही. इतकी नेमकी टेस्ट रचायची आणि ती काय तपासते हे वाचणाऱ्याला सांगायचं नाही, ही माझी पहिली तक्रार.

दुसरं उदाहरण. नेटसीडीएफच्या टेस्टमध्ये शेवटची कमांड जीफोर्ट्राननं चालवायची आहे आणि लायब्रऱ्या अशा क्रमानं द्यायच्या आहेत : आधी दोन ‘एफ’वाली नेटसीडीएफ, मग एक ‘एफ’वाली. ही कमांड हजारो लोकांनी कॉपी-पेस्ट केली असेल. क्रम असाच का आणि शेवटी जीसीसी का चालत नाही, यावर एक अक्षर नाही. कारण साधं आहे. स्टॅटिक लायब्रऱ्या जोडताना लिंकर डावीकडून उजवीकडे जातो, आणि त्या क्षणापर्यंत कुणी मागितलेलं तेवढंच लायब्ररीतून उचलतो. फोर्ट्रानची खोळ सीच्या गाभ्याकडे मागणी करते, म्हणून खोळ आधी, गाभा नंतर. वाण्याकडे आधी जाऊन यादी नंतर लिहिली तर पिशवी रिकामीच येणार. शेअर्ड लायब्रऱ्यांना हा नियम एरवी इतका कडक नसतो, पण उबुंटूचा लिंकर ‘लागेल तेवढंच’ या पर्यायावर चालतो. तिथे लायब्ररी आधी आणि ऑब्जेक्ट फाइल नंतर लिहिली की हाच घोळ होतो. आणि शेवटी जीफोर्ट्रान यासाठी, की फोर्ट्रानची स्वतःची रनटाइम लायब्ररी तोच न सांगता जोडतो.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर. मॉडेलचा बिल्ड संपला की चार फाइली तयार झाल्या का ते बघा : डब्ल्यूआरएफ, रिअल, एनडाउन, टीसी. नसतील तर लॉग फाइलमध्ये एरर शोधा. एवढ्यावर मजकूर आटोपतो. पण हा लॉग साधा नाही. डब्ल्यूआरएफचा बिल्ड बऱ्याच ठिकाणी एरर आली तरी पुढे जातो. लॉगमध्ये ‘एरर १ (इग्नोअर्ड)’ अशा ओळी दिसतात. त्यामुळे फाइलीच्या तळाशी जे दिसतं ते कारण नसतं, परिणामाच्या परिणामाचा परिणाम असतो. समजा सुरुवातीला रजिस्ट्रीच बनली नाही. मग तिनं लिहायचे फोर्ट्रानचे तुकडे नाहीत, मग ते मागणाऱ्या फाइली ‘इन्क्लूड फाइल उघडत नाही’ म्हणून पडतात, त्यांची मॉड्यूलं नाहीत म्हणून पुढच्या पडतात, आणि तळाशी लिंकर शेकडो नावं हरवल्याचं ओरडतो. विद्यार्थी शेवटच्या वीस ओळी सिनियरला पाठवतो. सिनियर तरी काय सांगणार?

तेव्हा तळाकडून नको, वरून वाचा. ‘एरर’ हा शब्द नुसता शोधू नका; मॉडेलमध्ये त्याच नावाचं मॉड्यूल आणि फंक्शन आहे, शेकडो खोट्या ओळी सापडतील. जीफोर्ट्रान ‘एरर’च्या पुढे कोलन देतो, कोलनसकट शोधा आणि पहिली ओळ पकडा. शिवाय बिल्ड मुळात दोन-दोन कामं एकदम करतो, त्यामुळे दोन फाइलींचे संदेश एकमेकांत मिसळतात. अडचण शोधताना कंपाईलला ‘जे’ पर्याय १ देऊन चालवा. वेळ लागेल, पण ओळी क्रमानं येतील. कॉन्फिगर बदललं की ‘क्लीन’ स्क्रिप्ट ‘ए’ पर्यायासह चालवून मगच पुन्हा बांधा. नाहीतर जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहतात.

हरवलेलं नाव काय सांगतं

आता जे मार्गदर्शिकेत एक पूर्ण प्रकरण म्हणून हवं होतं ते. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही एरर बहुतेक लोक एकच समजतात. प्रत्यक्षात तिच्यापुढे छापलेलं नाव हा आधार कार्डासारखा पुरावा आहे. कुठल्या भाषेनं, कुठल्या कंपाईलरनं मागणी केली हे त्या नावाच्या शेपटीवरून आणि डोक्यावरून कळतं.

नावाच्या शेवटी एक अंडरस्कोअर असेल तर मागणारा फोर्ट्रान आहे. जीफोर्ट्रान साध्या सबरुटीनचं नाव लहान लिपीत करतो आणि मागे अंडरस्कोअर लावतो. ‘एनएफ-ओपन’च्या शेवटी अंडरस्कोअर दिसला की समजा नेटसीडीएफची फोर्ट्रान खोळ सापडलेली नाही. तेच नाव ‘एनसी-ओपन’ असेल आणि शेवटी काही नसेल, तर खोळ सापडली, सीचा गाभा हरवला. दोन एरर सारख्या दिसतात, दोघींची औषधं वेगळी. शेवटी दोन अंडरस्कोअर दिसले तर मागणी जुन्या जी-७७च्या काळातल्या पद्धतीनं झालेली आहे. नावात आधीच अंडरस्कोअर असेल तर तो कंपाईलर दोन लावायचा.

नाव दोन अंडरस्कोअरनी सुरू होतं आणि मध्ये मोठ्या लिपीत ‘एमओडी’ आहे? मग ते जीफोर्ट्राननं बांधलेल्या मॉड्यूलमधलं फंक्शन. त्याऐवजी मध्ये ‘एमपी’ आणि शेवटी अंडरस्कोअर असेल तर ते इंटेलच्या फोर्ट्रानचं वळण. म्हणजे कुणीतरी दुसऱ्या कंपाईलरची लायब्ररी तुमच्या गळ्यात मारली आहे. अंडरस्कोअर आणि लगेच मोठा ‘झेड’, पुढे न वाचता येणारी अक्षरं : हे सी प्लस प्लस. ती भाषा आर्ग्युमेंटचे प्रकारही नावात गुंफते. सीमधून किंवा फोर्ट्रानमधून तसं फंक्शन बोलवायचं तर त्यावर ‘एक्स्टर्न सी’ लावावं लागतं. नाव ‘अंडरस्कोअर जीफोर्ट्रान’नं सुरू होत असेल तर रनटाइम लायब्ररी जोडली गेली नाही, म्हणजे बहुधा शेवटची कमांड जीसीसीनं दिली आहे. ‘जीएक्सएक्स पर्सनॅलिटी’ असं काहीतरी असेल तर हीच गोष्ट सी प्लस प्लसच्या बाबतीत झाली.

मग ‘एनएम’ ही कमांड लायब्ररीवर चालवा. नावापुढे मोठा ‘टी’ असेल तर ते फंक्शन तिथे खरंच आहे. ‘यू’ असेल तर ती लायब्ररीसुद्धा ते दुसऱ्याकडून मागते आहे. शेअर्ड लायब्ररी असेल तर कमांडला मोठ्या ‘डी’चा पर्याय द्या. अंदाज बांधत पाथ बदलत बसण्यापेक्षा हे पाच मिनिटांत होतं.

नेटसीडीएफच्या बाबतीत अजून एक जुनी कटकट आहे, आणि तिथे मार्गदर्शिकेची वागणूक बघण्यासारखी आहे. ४.२ या आवृत्तीपासून नेटसीडीएफचे सी आणि फोर्ट्रान भाग वेगवेगळी पॅकेजेस झाली. मार्गदर्शिका मात्र बरीच वर्षं ४.१.३ या एकत्र आवृत्तीवर थांबली होती. तिच्यापुरतं ते सोयीचं. पण ज्यानं उबुंटूच्या पॅकेजमधून नेटसीडीएफ घेतली त्याला सी मिळालं, फोर्ट्रान मिळालं नाही. किंवा दोन्ही मिळाली पण हेडर एका डिरेक्टरीत आणि लायब्रऱ्या भलत्याच उपडिरेक्टरीत. डब्ल्यूआरएफला दोन्ही एका छपराखाली लागतात : एकच डिरेक्टरी, तिच्यात ‘इन्क्लूड’ आणि ‘लिब’. ‘एनसी-कॉन्फिग’ आणि ‘एनएफ-कॉन्फिग’ या दोन कमांड चालवल्या की कुठलं काय कुठे आहे ते समोर येतं. पुढे पान सुधारलं, दोन पॅकेजेस वेगळी बांधायला सांगू लागलं. का बदललं, जुन्या नोट्स घेऊन बसलेल्यांनी काय करावं, हे मला तिथे आढळलं नाही. झेरॉक्स नोट्स आणि जुने व्हिडिओ त्यामुळे अजून ४.१.३ वरच अडकलेले दिसतात.

एक फ्लॅग आणि सगळं शांत

मे २०२०मध्ये जीसीसी १० आलं आणि जुन्या फोर्ट्रानवर चालणारं निम्मं जग अडखळलं. ‘एका आर्ग्युमेंटचा प्रकार दुसऱ्याशी जुळत नाही’ ही तक्रार आता थेट एरर झाली. एमपीआय वापरणाऱ्या कोडमध्ये हे पावलोपावली होतं, कारण तिथे एकाच रुटीनला कधी पूर्णांकांचं ॲरे देतात, कधी रिअलचं, आणि जुन्या इन्क्लूड फाइलमध्ये त्या रुटीनची ओळखच करून दिलेली नसते. एमपीआयसीएचचा कॉन्फिगरसुद्धा याच कारणानं थांबतो. उपाय सगळ्यांना पाठ आहे : ‘अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच’ हा फ्लॅग द्या, एररची वॉर्निंग होते.

हा फ्लॅग देऊ नका असं मी म्हणणार नाही. एमपीआयसीएच बांधताना दुसरा व्यवहार्य मार्ग बऱ्याचदा नसतो. पण मराठी-हिंदीतल्या जवळपास सगळ्या नोट्स तो पूर्ण प्रोजेक्टला लावायला सांगतात, शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत कायमचा टाकायला सांगतात. इथे माझा स्पष्ट विरोध आहे. जीसीसीच्या दस्तऐवजातही हा पर्याय वापरणं टाळा असा जोरदार सल्ला आहे. एमपीआयच्या बफरमध्ये प्रकार न जुळणं हे मुद्दाम केलेलं आणि निरुपद्रवी असतं, कारण शेवटी पत्ताच जातो आणि प्रकार वेगळ्या आर्ग्युमेंटनं सांगितलेला असतो. पण तुम्ही उद्या मॉडेलमध्ये स्वतःची सूक्ष्मभौतिकीची सबरुटीन घातली, आणि आठ बाइटचा रिअल चार बाइटच्या जागी दिला, तर तीच वॉर्निंग येणार, हजार वॉर्निंगच्या गर्दीत. मॉडेल चालणार. पाऊसही पाडणार. त्या पावसाचे मिलिमीटर तुमच्या प्रबंधातल्या तक्त्यात जाणार.

हा नुसता बागुलबुवा नाही, याच्या जवळचं एक घडलेलं प्रकरण आहे. फोर्ट्रानमध्ये अक्षरमाला पाठवली की कंपाईलर तिच्या लांबीचं एक छुपं आर्ग्युमेंट शेवटी जोडतो. लापॅक या गणिती लायब्ररीतल्या कितीतरी रुटीनना ‘वरचा त्रिकोण की खालचा’ हे सांगायला एक अक्षर द्यावं लागतं. सीमधून लापॅक बोलवणारे लोक ती छुपी लांबी पाठवतच नसत. लांबी नेहमी १, आणि आतून कुणी ती वाचतही नाही. दशकानुदशकं असं चाललं. २०१९मध्ये ‘आर’ या सांख्यिकीच्या भाषेच्या मंडळींच्या लक्षात आलं, की नव्या जीफोर्ट्राननं बांधलेल्या लापॅकमुळे गोष्टी मोडताहेत. कंपाईलरची एक नवी सुधारणा त्या छुप्या आर्ग्युमेंटची स्टॅकवरची जागा आपलीच समजून पुन्हा वापरत होती, आणि बोलवणाऱ्यानं ती जागा दिलेलीच नव्हती. लिहिलं जायचं ते दुसऱ्याच्या जागेवर. जीएनयूच्या लोकांनी तात्पुरता उतारा म्हणून एक पर्याय आणला. ‘आर’नं आपल्या बाजूनं लांबी पाठवायची सोय केली.

यात कंपाईलची एरर नव्हती, लिंकची एरर नव्हती. लिंकर फक्त नावं जुळवतो. आर्ग्युमेंट किती, कुठल्या प्रकारची, कुठल्या क्रमानं, हे तो बघतच नाही. सी आणि फोर्ट्रानच्या सीमेवर ते बघणारं आपसूक कुणीच नसतं. फोर्ट्रान २००३मध्ये आलेलं ‘बाइंड सी’ आणि त्यासोबतचं मॉड्यूल हा यावरचा सरळ तोडगा आहे : नाव काय, प्रकार काय, पत्ता की किंमत, सगळं लिहून ठरवायचं. स्वतःची जोडणी लिहायची वेळ आली तर अंडरस्कोअरचे जुगाड न करता हेच वापरा.

एररपासून सुरू होणारं एक देशी उदाहरण

मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. शेकडो प्रकारच्या मशीन, प्रत्येकावर वेगळी एरर. सगळ्यांची यादी कोण करणार? पण यादी मागतच नाही मी. एरर वाचायची कशी हे शिकवता येतं, आणि तसं शिकवणारं लिखाण आपल्याकडे आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले सी आणि सी प्लस प्लसचे पाठ बघा, मराठीतून ऐकायला मिळतात. पहिल्याच पाठात प्रोग्रॅम लिहून चालवला की निवेदक मुद्दाम महिरपी कंस काढतो, पुन्हा कंपाईल करतो, आलेली एरर दाखवतो, कितव्या ओळीवर आहे ते सांगतो, दुरुस्त करतो. ते पाठ जीसीसी ४.६च्या काळातले आहेत, उबुंटू ११वर केलेले, दिसायला साधे, आवाज थोडा एकसुरी. तरीही शिकवण्याच्या दृष्टीनं मला ते एनकारच्या पानापेक्षा एक पाऊल पुढचे वाटतात. चूक हा अपघात नाही, पाठाचाच भाग आहे, असं ते धरून चालतात.

त्यांची मर्यादाही उघड आहे. तिथल्या चुका एका भाषेच्या, एका फाइलीच्या : अर्धविराम सुटला, कंस राहिला. कंपाईलर अशा चुकांची ओळ सांगतो, म्हणून त्या सोप्या. दोन भाषांच्या मधल्या चुकीला ओळ क्रमांकच नसतो. एकीकडे योग्य टेस्ट असलेलं पण बोलायला तयार नसलेलं पान, दुसरीकडे छान बोलणारा पण फाटकापर्यंतच सोबत येणारा पाठ. आपल्याला दोन्हींची सांगड हवी, आणि ती मराठीत कुणी घालेपर्यंत वाट बघायचं कारण नाही, स्वतःपुरती एका संध्याकाळी घालता येते.

डब्ल्यूआरएफ डाउनलोड करायच्या आधी दोन फाइली लिहा. फोर्ट्रानमध्ये एक रिअल, किंमत २. एक पूर्णांक, किंमत १. आणि ‘दाखव’ नावाच्या सबरुटीनला हाक. सीमध्ये ‘दाखव’, शेवटी अंडरस्कोअर, दोन्ही आर्ग्युमेंट पॉइंटर, आत दोन्ही किमती छापायच्या. वेगवेगळं कंपाईल करा, जीफोर्ट्राननं जोडा, चालवा. मग मोडायला लागा. सीमधल्या नावाचा अंडरस्कोअर काढा आणि लिंकर कुठलं नाव मागतो ते वाचा. तो परत लावा, जोडणी जीसीसीनं करा आणि हरवलेल्या नावांची सुरुवात कशी आहे ते बघा. सीची फाइल सी प्लस प्लसच्या कंपाईलरनं बांधा, आणि ‘एनएम’ लावून नावाचं काय झालं ते पाहा. प्रत्येक वेळचा संदेश एका वहीत उतरवा, शेजारी कारण लिहा. शेवटी सगळं पूर्ववत करून सीमधले दोन्ही पॉइंटर तेवढे काढून टाका आणि किंमत थेट छापा. या वेळी कंपाईलर काही बोलणार नाही, लिंकरही बोलणार नाही, प्रोग्रॅम चालेल, २.०० आणि १ यांच्या जागी काय छापून आलं तेही वहीत लिहा, आणि मशीन बदलून किंवा पुन्हा चालवून तोच आकडा येतो का ते बघा.